स्वच्छ सासरा

नाचणगाव,
ता. २३ नोव्हेंबर

ती. रीताताईस,

मोतीलालचा सविनय जयभीम. भाऊजींनाही सांग. वर 'ती.' लिहिलं आहे ते सवयीनं. 'ती.' म्हणजे तीर्थरूप, आणि आपल्या बाबांनी दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरातून तीर्थाला कोणी गेलेलं नाही. पण शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला असंच शिकवलं, ते हाताला बसलं, आणि आजवर एकाही वडीलधाऱ्यानं 'मी कुठून तीर्थ झालो' म्हणून मला विचारलं नाही. (हे मुद्दाम आधी लिहून ठेवतो. पुढे कामाला येईल.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नको म्हटलं, तर तू उतरायला हरकत नाही असा अर्थ काढलास, असं तुझी भावजय छाया सांगत होती. भाऊजींची साखर काबूत असावी, आणि नसेल तर ती त्यांच्या चहातूनच जात असावी. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे. क्षेम काही नाही. मी फोन न करता पत्र लिहितो आहे यावरूनच तुझ्या लक्षात आलं असेल. मागे मी मनातले चार शब्द बोलून तुझ्या फोनवर पाठवले, तर तू ते परिवाराच्या ग्रुपवर ढकलून दिलेस, आणि नागपूरपासून यवतमाळपर्यंतच्या नातेवाइकांनी मला हात जोडलेली चित्रं पाठवली. शिवाय फोन या वस्तूवरून माझा विश्वास उडाला आहे, तो का, हेच सांगायला बसलो आहे. हे पत्र आर्वीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देईन. आर्वी डेपोत माईकवरून गाड्या पुकारत मी नोकरी काढली, तेवढी ओळख अजून शिल्लक आहे.

तर काजलचा स्वागतसमारंभ तू आर्वीत ठेवलास. माझी मुलगी, माझा जावई, आणि मला ते पत्रिका आल्यावर कळलं. पत्रिकेत माझं नाव आहे, आभारी आहे. नावाआधी 'श्री.' सुद्धा लावलं आहे. मी येणार नाही. का येणार नाही ते नीट ऐक, कारण तू आजवर एकच बाजू ऐकली आहेस, आणि ती बाजू नेदरलँडहून बोलते म्हणून तुला जास्त खरी वाटते. तुला ठाऊक आहे तेही पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर 'हे मले सांगितलंच नाई' असं व्हायला नको.

काजल नर्सिंग करून तिकडच्या दवाखान्यात लागली, तिथल्याच वाउटर नावाच्या मुलाशी तिनं कचेरीत लग्न केलं, याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. (वाउटर हे नाव इथे कोणाच्या जिभेवर बसत नाही. छाया त्याला वाटर म्हणते. आमच्या घरी पहिल्यांदाच असं पाणी येणार होतं, की जे कोणी वरून ओतणार नव्हतं, असा विनोद मी तेव्हा केला होता. तेव्हा मी विनोद करत होतो.) ठरलं असं होतं की डिसेंबरात दोघांनी नाचणगावला यायचं, भंतेजींना बोलावून आपल्या पद्धतीनं विधी करायचा, आणि अंगणात मांडव टाकून गावाला जेवण द्यायचं. अंगण मी मनात इतक्या वेळा मांडलं होतं, की कोणत्या खुर्चीवर कोण बसणार हेही ठरलं होतं.

मग मी दीक्षाभूमीहून परत आलो त्याच आठवड्यात जावयाचा पहिलावहिला संदेश आला. तो आपल्या भाषेत लिहितो आणि फोनकडून मराठी करून घेतो. मराठी अशी होती: 'प्रिय स्वच्छ बाप, आम्ही डिसेंबरमध्ये येत आहोत. स्वच्छ आईला माझा नमस्कार सांगा. मी माझ्या नवीन स्वच्छ कुटुंबाला भेटायला फार उत्सुक आहे.' खाली एक लाल बदाम.

मी ते उभ्यानं वाचलं, मग चष्मा पुसून बसून वाचलं. ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय समजली असतीस? मी समजलो की गोऱ्या माणसाची ही सांगायची सभ्य रीत आहे. घर स्वच्छ ठेवा, तुम्हीही स्वच्छ राहा, आम्ही येतो आहोत. छायाचं डोकं वेगळं चालतं. ती म्हणाली, "मले तं बरं वाटलं बाप्पा. सारी जिंदगी भांडे घासून राह्यली, कोनं म्हनलं का कधी स्वच्छ?" आणि तिनं तो संदेश अर्ध्या गल्लीला वाचून दाखवला. त्या अर्ध्या गल्लीत रुख्माबाई होत्या, म्हणजे आमच्या समोरच्या बबनरावांच्या मंडळी, म्हणजे उरलेल्या अर्ध्या गल्लीची सोय झाली.

मी मात्र कामाला लागलो. घराला डिस्टेंपर दिला. संडासाच्या फरश्या चांगल्या होत्या, त्या उखडून आणखी चांगल्या बसवल्या. कडुलिंबाच्या बुंध्याला चुना आणि गेरू. छायाच्या शेळीला शाम्पूनं आंघोळ घातली, त्यानंतर ती शेळी दोन दिवस माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, "दिवाई झाली, घरात पाहुणे नाई, मंग रंग काऊन देऊन राह्यले?" मी म्हणायचो, भिंत ओल धरते. खरं कारण तुलाच सांगतो. घासताना माझे हात आपोआप चालत होते. तुला आठवत असेल, शाळेत पाठवण्याआधी बाबा आपल्याला नळाखाली उभं करून आपली मान विटेच्या तुकड्यानं घासायचे. तू रडायचीस, मी ओरडायचो. बाबा म्हणायचे, "लोकायले बोट ठेवाचं असन तं तुमच्या गणितावर ठेवू द्या, मानेवर नोको." ती मान मी अजून घासतो, ताई. डेपोत माझ्याएवढा पांढरा शर्ट साहेबांचाही नसायचा. धूळ आर्वीची आणि धूर गाड्यांचा, पण संध्याकाळी माझी कॉलर सकाळसारखीच. लोक कौतुक करायचे. ते कौतुक मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, तुमची कॉलर मळली तर ती कॉलर मळते, माझी मळली तर मी मळतो.

आता बबनराव. माणूस वाईट नाही, हे मी आधी लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. माझ्या वर्गातला. शेत आहे, गावात शब्द आहे, आमच्या घरी सुखदुःखाला येतो, आणि आजपर्यंत त्यानं आमच्याकडे चहा घेतलेला नाही. नाही म्हणत नाही कधी. म्हणतो, "आत्ताच घेतली." कधी पोट बरोबर नसतं. छाया भोळी, ती त्याच्या पोटासाठी ओवा भाजून देते, तो ओवाही तो खिशात घालतो. मी त्याच्याकडे गेलो की घरच्यांना कपबशी आणि मला कागदी ग्लास. पूर्वी माझ्यासाठी एक कप होता, कान तुटलेला, वळचणीला ठेवलेला. मग कोरोना आला आणि त्याची मोठी सोय झाली, कागदी ग्लासाला आता आरोग्याचं नाव देता येतं. यावर भांडण करता येत नाही, ताई. कागदी ग्लासाविरुद्ध तक्रार कुठे करणार?

तर रंगाचा हात देऊन मी पुलगावला पानठेल्यावर उभा होतो, तिथे हा बबनराव चारचौघांत म्हणतो, "काय मोतीलालभाऊ, जावई स्वच्छ सासरा पाहून राह्यला म्हनते." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, आपलं रोजचं हसले. पण त्या दिवसापासून माझं नाव गेलं. स्वच्छ सासरे आले, स्वच्छ सासरे गेले, स्वच्छ सासऱ्यांना सुपारी द्या. या गावात प्रत्येक घरात एक सासरा आहे, पण स्वच्छ असल्याचं सर्टिफिकेट लागलं ते मला एकट्याला. बाकीच्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं. मी घरी आलो, नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहिलं, आणि मला त्या भिंतीची शिसारी आली.

मग मी जावयाला उत्तर लिहिलं. मराठीत लिहिलं, फोनला म्हटलं तुझी डच कर आणि पाठव. मजकूर थोडका होता. 'आमच्या स्वच्छतेची चौकशी करणारे तुम्ही पहिले नाही. आमच्या बापजाद्यांना याच कारणानं विहिरीवर चढू दिलं नाही. ज्याला आमचा विटाळ वाटतो त्यानं आमचा उंबरठा चढू नये.' (भाषा चांगली साधली होती. अजूनही वाटतं.) फोननं त्याचं काय केलं ते मला कळायला मार्ग नव्हता. खाली बदाम आला नाही.

दुसऱ्या दिवशी काजलचा फोन. आधी रागानं बोलली, मग मास्तरणीसारखी बोलली, ते मला जास्त लागलं. तिचं म्हणणं असं. त्यांच्याकडे सासऱ्याला 'स्खोनवादर' म्हणतात. (पहिलं अक्षर घशात काटा अडकल्यासारखं काढायचं. मी काढून पाहिलं, शेळी पळाली.) हा जोडशब्द आहे, आपल्या समासासारखा. वादर म्हणजे बाप आणि स्खोन म्हणजे आजच्या त्यांच्या बोलण्यात स्वच्छ. पण दोन्ही जोडून लिहिले की अर्थ फक्त सासरा. स्वच्छतेचा काही संबंध नाही. तशीच स्खोन सासू, स्खोन सून, सगळं सासर स्खोन. वाउटरच्या फोननं आगाऊपणा करून दोन शब्दांच्या मधे जागा सोडली, आणि भाषांतर करणारा म्हणाला, स्वच्छ बाप. "मंधात जागा सुटली, बाबा, बस एवढंच झालं," काजल म्हणाली. मी तिला म्हटलं, पोरी, आपल्यात आणि लोकांच्यात जागा सोडायची पद्धत मला नवीन नाही.

पण मी सोडणारा नव्हे. मी विचारलं, मुळात सासऱ्याला स्वच्छ म्हणायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? तर तेही तिनं मला सांगितलं, आणि ते मात्र ऐकण्यासारखं आहे. जुन्या काळी फ्रान्सच्या दरबारात ज्याला मान द्यायचा त्याला 'सुंदर' म्हणत. सुंदर महाराज, सुंदर सरदार. माणूस दिसायला घुबड असला तरी सुंदर. त्यावरून त्यांच्याकडे सासरा झाला सुंदर बाप आणि सासू सुंदर आई. शेजारच्या डच लोकांनी ही रीत उचलली आणि एकेका शब्दाला शब्द ठेवून आपल्या भाषेत आणली. तेव्हा त्यांच्या स्खोनचा अर्थ सुंदर असाच होता. पुढे हॉलंडात भाषा सरकली, स्खोनचा अर्थ स्वच्छ झाला, आणि सासरा बिचारा जुन्या अर्थासकट जागच्या जागी उभा राहिला. म्हणजे बघ, शब्दाला शब्द ठेवायचं जे काम आज जावयाच्या फोननं केलं, तेच त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी केलं. त्यांच्या कामाला शब्दकोशात जागा मिळाली. फोनच्या कामामुळे माझ्या मुलीचा समारंभ आर्वीला गेला.

आता वरचं 'ती.' आठव. तसंच आहे ते. तू तीर्थ नाहीस, मी भक्त नाही, पण लिहितो. 'श्री.' चंही तेच. श्री म्हणजे शोभा. बबनरावाच्या नावाआधी श्री छापतात तेव्हा त्याच्या तोंडाकडे कोण पाहतं? हे मला काजलनं आधी सांगितलं असतं तर मी जावयाला सुंदर उत्तर पाठवलं असतं. मी तिला तसं म्हटलं. म्हटलं, चूक शब्दाची, चूक फोनची, मी काय चुकीचं लिहिलं? विहिरीची गोष्ट खोटी आहे का?

  त्यावर ती जे बोलली ते तुला तिनं सांगितलं नसणार, म्हणून लिहितो. म्हणाली, "बाबा, त्याले हे माहीतच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. जगात एक मानूस असा होता का मायाकडे पाहून त्याच्या मनात हे येत नव्हतं. तुमी सांगून टाकलं." त्यानं तिला विचारलं होतं, विहीर म्हणजे कोणती विहीर, तुझे वडील असं का समजतात की मी तुम्हाला घाण समजतो. आणि मग तिला स्वयंपाकघरात बसून त्याला सगळं सांगावं लागलं, अगदी पहिल्यापासून. तो रडला म्हणे. तिला त्याचं रडणंही नको होतं. ती म्हणाली, आता तो माझ्याशी जपून बोलतो. आता नाचणगावला यायची त्याला भीती वाटते, त्याच्या हातून तुमचा पुन्हा काही अपमान होईल म्हणून. आत्याकडे येतो आम्ही.

मी फोन ठेवला. तुला खोटं सांगत नाही, मला राग आला, आणि अजून आहे. मी माझ्या मुलीला या सगळ्यातून बाहेर काढायला आयुष्यभर कॉलर पांढरी ठेवली, ती बाहेर पडली, समुद्रापलीकडे गेली, आणि तिथे तिच्या दारात हे नेऊन टाकणारा हमाल मीच निघालो. पण मला सांग, मी काय करायला हवं होतं? स्वच्छ म्हटल्यावर माझ्या मनात दुसरं काय येणार होतं? तिच्या नवऱ्याच्या मनात येत नाही, कारण त्याची मान कोणी विटेनं घासली नाही. माझ्या मनात येतं. ते कोणत्या फोननं येतं आणि कोणत्या शब्दकोशात दुरुस्त होतं, हे मला कोणी सांगावं.

एवढ्यावर झालं नाही. मागच्या आठवड्यात बबनराव आपण होऊन घरी आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मोतीलालभाऊ, जावईबुवा आले का सांगजो. त्याइच्या संगं चाय घिऊ तुमच्या इथं. मी तं फोटोबी काढीन म्हनतो." ताई, या चहाची मी किती वाट पाहिली हे छायालाही माहीत नाही. रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता घेईल. घर बांधलं तेव्हा वाटलं होतं. काजल परदेशात गेली तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर पेढा रुख्माबाईंनी हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगितला. आणि आता एक गोरा माणूस शेजारी बसणार म्हटल्यावर त्यांचं पोट बरोबर झालं. मी त्यांना हसून 'हो' म्हटलं. गोरा माणूस मात्र आर्वीला चालला आहे. तिथे आता बबनरावांनाही घेऊन जा, तुझ्याकडे पत्रिका उरल्या असतील.

तेव्हा मी येणार नाही. त्या दिवशी मला दाढ काढायची आहे. छाया येईल, तिनं साडी काढून ठेवली आहे. मुलांना माझा आशीर्वाद सांग, नसेल सांगायचा तर राहू दे. भाऊजींना पुन्हा जयभीम.

तुझा भाऊ,
मोतीलाल

ता. क. तुझी लोणच्याची बरणी छायासोबत पाठवतो. धुतलेली आहे, हे लिहायची गरज नाही.

ता. क. समारंभाला कागदी ग्लास ठेवू नकोस. स्टीलचे ठेव. कमी पडले तर आमच्याकडचे आणता येतील, पण ते आणायला कोणी तरी यावं लागेल, आणि ते नवरा-नवरीच आले तर एका फेरीत काम होईल.

ता. क. आता खरं लिहितो. दाढ जागेवर आहे. काजल तुझं ऐकते, माझं ऐकत नाही. तिला म्हण, समारंभाच्या आधी एखाद्या दुपारी दोघं घरी या. मांडव नको, गाव नको. बबनरावांना मी कळवणार नाही. त्यांचा चहा मला नको झाला आहे, तो त्यांनी आत्ताच घेतलेला बरा. जावयाला म्हणावं, जपून बोलू नको. बोलताना चुकलास तर मी आधी काजलला विचारीन, फोनला विचारणार नाही. त्याला त्यांच्या भाषेत 'स्खोनझोन' म्हणतात, ते मी पाठ केलं आहे. जोडून म्हणतो, मधे जागा सोडत नाही.

ता. क. आणि काजलला हेही सांग की तुझ्या बाबांनी घर झाडायचं सोडलं आहे. पंधरवडा झाला, भिंतीला कोळिष्टकं आहेत, शेळी ओसरीवर बसते. वाउटरला चपला घालून आत येऊ दे. मी या मळलेल्या कॉलरीनिशीच भेटेन. (ओटा तेवढा आज धुतला. हात ऐकत नाहीत, ताई. तिला हे सांगू नको.)